सिलिकॉनवरील चांदीचे पृष्ठशोषण : तापमानाचा परिणाम

अतिनिर्वात कक्षात स्वच्छ केलेल्या सिलिकॉन स्फटिकावर चांदीची वाफ सोडली की तिचे अणू पृष्ठभागाला बिलगतात. ते कोठे स्थिरावतात, कोणती मांडणी धरतात व किती काळ टिकतात, हे मुख्यतः तापमानावर ठरते. चांदी आणि सिलिकॉन यांचे स्थिर संयुग बनत नाही. त्यामुळे तापमानाचा परिणाम अभ्यासण्यासाठी ही जोडी विशेष सोयीची ठरली आहे.

मूळ पृष्ठभाग : सिलिकॉनच्या (१११) पृष्ठावरील अणू मोकळ्या बंधांची संख्या घटवण्यासाठी ७×७ (दोन्ही बाजू मूळ कोशिकेच्या सातपट असलेली पुनरावर्ती कोशिका) ही गुंतागुंतीची मांडणी घेतात. तिची आज मान्य असलेली प्रतिकृती कुनिओ ताकायानागी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडली.

सामान्य तापमान : ७×७ कोशिकेचे दोन त्रिकोणी अर्धे भाग असतात. चांदीचा अणू एका भागात सहज फिरतो, पण सीमा ओलांडणे त्याला कठीण जाते. म्हणून अणूंचे छोटे पुंज बनतात. खालची ७×७ मांडणी बव्हंशी शाबूत राहते.

सुमारे २००° से.च्या वर : आता सिलिकॉनचे अणूही जागा बदलू शकतात. ७×७ मांडणी मोडते आणि √३×√३ ही नवी मांडणी तयार होते. पूर्ण थरात दर चौ. सेंमी.मध्ये चांदीचे सुमारे ७.८×१०^१४ अणू असतात. त्यापुढे येणारी चांदी पसरत नाही, तिची त्रिमितीय बेटे बनतात.

उच्च तापमान : ६००° से.च्या आसपास चांदीचे अणू पृष्ठभाग सोडून जाऊ लागतात व विरळ ३×१ मांडणीही आढळते. अणूचा सरासरी मुक्काम τ = τ₀ exp(E/kT) या सूत्राने मिळतो (k : बोल्ट्झमन स्थिरांक, T : निरपेक्ष तापमान). τ₀ = १०^−१३ सेकंद व सुटकेची ऊर्जा E = २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरल्यास तो ९०० केल्व्हिनला सुमारे १० सेकंद, तर १,००० केल्व्हिनला अर्ध्या सेकंदाहूनही कमी भरतो.

महत्त्व : थंड पृष्ठभागावरील पुंज ही कमीत कमी ऊर्जेची अवस्था नसून वाटेत अडकलेली अवस्था असते. थर तापवल्यावर √३×√३ मांडणी येते. पुन्हा थंड केल्याने जुने पुंज परतत नाहीत. त्यामुळे अशा थराचे वर्णन करताना केवळ अणूंची संख्या पुरत नाही. निक्षेपणाचे तापमान आणि नंतरच्या तापवणीचा क्रमही नोंदवावा लागतो.