दुःखाला चाल लागली

शंभर वर्षांचा हिशेब मांडताना आपण मुक्काम मोजतो, पंगती मोजतो. पण या वाटेनं किती खचलेली मनं सावरली, याचाही एक इतिहास आहे. तो वहीत कमी आणि गळ्यात जास्त सापडतो.

सन १६३० ते १६३२ चा दुष्काळ. देहूत तुकोबारायांचा व्यापार बुडाला. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतोबाही गेला. तुकोबा डोंगरावर एकांतात बसले, पण तिथंच राहिले नाहीत. पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी नीट केलं आणि कीर्तनात उभे राहिले. आधी दुसऱ्याच्या मागं ध्रुपद धरलं, संतांची वचनं पाठ केली. स्वतःचे अभंग नंतर आले. क्रम ध्यानात घ्या: आधी साथ, मग शब्द.

बायाबापड्यांना तर कीर्तनात उभं राहायची मुभाही क्वचितच मिळे. सासरी ऐकणारं कोणी नाही, म्हणून पहाटे जात्याला सांगितलं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल कधी बाप होतो, कधी भाऊ. गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण मन मोकळं करायची ती जागाही गेली.

दिंडीनं ती जागा राखली. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी. एकानं चरण म्हणायचा, सगळ्यांनी उचलायचा. पाऊल टाळावर पडतं, श्वास चालीत बसतो. ज्याला चार शब्द बोलवत नाहीत, त्यालाही ध्रुपद धरता येतं. कोणी विचारत नाही, ‘काय झालं रे?’ फक्त रांगेत जागा देतात.

आज नापिकी आहे, कर्ज आहे, घरात अबोला आहे. मन फारच आजारी पडलं तर डॉक्टर हवाच, त्यात लाज कसली? पण शेजारी कोणी गप्प गप्प राहत असेल, तर एकादशीच्या भजनाला त्याला हाताला धरून आणा. उपदेश नको. हातात टाळ द्या.