वृक्षाचे वजन

एक चिंचोका जमिनीत रुजतो आणि पन्नास-साठ वर्षांनी त्या जागी दोन माणसांच्या कवेत न मावणारे चिंचेचे झाड उभे राहते. त्याचे खोड, फांद्या आणि पाने यांचे वजन कित्येक खंडी भरावे. हे सारे द्रव्य आले कोठून? मुळे मातीत आहेत, तेव्हा ते मातीतून आले, असे उत्तर सहज ओठांवर येते. परंतु तसे असते, तर बुंध्याभोवती झाडाच्या आकाराएवढा खड्डा पडावयास हवा होता. तो पडत नाही. उलट पानगळीने तेथील माती थोडी वरच येते. वरवर साध्या दिसणाऱ्या या कोड्याचा उलगडा करण्यास माणसाला तीनशेंहून अधिक वर्षे लागली.

वनस्पतींचे अन्न मातीत तयारच असते आणि मुळे ते शोषून घेतात, अशी समजूत ग्रीक काळापासून चालत आलेली होती. तिला तराजूची कसोटी लावली ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्माँट या वैद्याने. भट्टीत वाळवलेली दोनशे पौंड माती त्याने एका कुंडीत भरली, तीत पाच पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण बसविले. पाच वर्षे त्याने त्या रोपाला पाण्यावाचून काही दिले नाही. अखेरीस झाडाचे वजन १६९ पौंड ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती दोन औंसांनी कमी झालेली आढळली. १६४ पौंडांची ही भर केवळ पाण्यातून पडली, असा निष्कर्ष त्याने काढला. दोन औंसांची तूट त्याला नगण्य वाटली. १६४४ साली तो वारला आणि त्याचे लेखन त्याच्या मुलाने १६४८ मध्ये प्रसिद्ध केले.

या कथेतील दैवदुर्विलास असा की, कोड्याची दुसरी किल्ली याच माणसाच्या हाती होती. ‘गॅस’ हा शब्द त्यानेच प्रचारात आणला. ६२ पौंड कोळसा जाळला, तर मागे एकच पौंड राख उरते आणि बाकीचे सर्व वायुरूपाने निघून जाते, हे त्याने नोंदवून ठेवले होते. लाकूड वायू होऊन हवेत जाऊ शकते, हे त्याला दिसले; हवेतील वायू लाकूड होऊन झाडात येऊ शकतो, हे मात्र सुचले नाही. तराजूच्या पारड्यात त्याने माती ठेवली, झाड ठेवले. हवा ठेवावयाची राहून गेली.

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७२७ मध्ये, वनस्पतींना पानांवाटे हवेतूनही काही पोषण मिळत असावे, असे अनुमान मांडले. पुढचे पाऊल टाकले तेही एका धर्मोपदेशकानेच. लीड्स येथील जोसेफ प्रीस्टली याने १७७१ च्या ऑगस्टमध्ये, मेणबत्ती जळून विझल्यामुळे निकामी झालेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळू लागली. ज्वलनाने आणि प्राण्यांच्या श्वासाने जी हवा बिघडते, ती वनस्पती पुन्हा शुद्ध करतात, ही गोष्ट जगापुढे आली. परंतु इतरांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो कधी साधे, कधी फसे. खुद्द प्रीस्टलीलाही काही वेळा उलटाच अनुभव आला.

हा लपंडाव संपविला यान इंगेनहाउस या डच वैद्याने. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचून नावलौकिक मिळविलेला हा गृहस्थ १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील एका खेड्यात घर घेऊन राहिला आणि काही महिन्यांत त्याने पाचशेंहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडविलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, सावलीत ते थांबतात; पाणी नुसते तापविले, तर येत नाहीत. म्हणजे काम उष्णतेचे नव्हे, उजेडाचे. तेही केवळ हिरव्या भागांत चालते. मुळे, फुले आणि फळे हवा बिघडवितातच, आणि रात्री पानेही तेच करतात. रात्री झाडाखाली निजू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली. त्यात तथ्याचा अंश एवढाच. पानांनी रात्री सोडलेला वायू इतका थोडा असतो की, शेजारी निजलेला माणूस त्याहून कितीतरी अधिक सोडतो.

याच सुमारास फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने प्राणवायूचे खरे स्वरूप उलगडले आणि वायूंना आजची नावे मिळू लागली. पण तो काळ शास्त्रज्ञांना सुखाचा नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल सहानुभूती दाखविणाऱ्या प्रीस्टलीचे बर्मिंगहॅममधील घर व प्रयोगशाळा १७९१ मध्ये जमावाने जाळली; १७९४ मध्ये त्याने अमेरिकेची वाट धरली. त्याच वर्षी त्याच राज्यक्रांतीने लाव्हाझिएचा शिरच्छेद केला. काम पुढे चालले ते जिनीव्हा नगरात. तेथील सेनेबिए याने १७८२ मध्ये दाखविले की, वनस्पतींना प्राणवायू सोडण्यासाठी कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, मिळावा लागतो. १८०४ मध्ये द सोस्यूर याने बंद भांड्यातील झाड आणि हवा दोन्ही काटेकोरपणे तोलली. झाडाचे वजन कर्बाने वाढते, पण तेवढ्यानेच नव्हे. पाणीही त्याच्या अंगी लागते, असे त्याला आढळले. हवा अखेर तराजूत आली.

राहिला प्रकाश. त्याला वजन नाही. मग त्याचा हिशेब कसा करावा? जर्मन वैद्य मायर याने १८४५ मध्ये सांगितले की, वनस्पती सूर्याची शक्ती पकडून ती रासायनिक रूपात साठवितात. ती साठवण प्रत्यक्ष दाखविली यूलिउस झाक्स याने, १८६० नंतरच्या दशकात: अर्धे झाकलेले पान उन्हात ठेवावे, त्याचा रंग काढून त्यावर आयोडीन घालावे, उघडा भाग काळानिळा होतो, कारण तेथे पिष्ट तयार झालेले असते. भारतातही जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणाऱ्या प्राणवायूची आपोआप नोंद करणारे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

तरीही एक चूक टिकून होती. पानांतून निघणारा प्राणवायू कर्बवायू फुटून येतो, असे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले होते. कॅलिफोर्नियात व्हॅन नील हा संशोधक गंधकयुक्त वायूवर जगणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करीत होता. ते जिवाणू उजेडात प्राणवायू सोडीत नाहीत, गंधक सोडतात. गंधक जर त्या वायूतून येते, तर हिरव्या पानातील प्राणवायू पाण्यातून येत असला पाहिजे, असा तर्क त्याने १९३० च्या सुमारास केला. १९४१ मध्ये बर्कली येथे सॅम्युएल रूबेन व त्याच्या सहकाऱ्यांनी जड प्राणवायूची खूण असलेले पाणी शेवाळाला देऊन हा तर्क खरा ठरविला. रूबेन आणि मार्टिन केमन यांनी १९४० मध्ये किरणोत्सर्गी कर्ब, कार्बन-१४, शोधून काढला होता. हे साधन हाती आले, पण ते वापरून कोडे सोडविणे रूबेनच्या नशिबी नव्हते. महायुद्धात त्याला विषारी वायूंच्या संशोधनाला लावण्यात आले आणि १९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, फॉस्जीन वायूच्या अपघातात तो मरण पावला. प्राणवायूचा उगम शोधणाऱ्याचा श्वास अशा रीतीने थांबला.

त्याचे काम युद्धानंतर तेथेच मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशॅम यांनी पुढे नेले. काचेच्या चपट्या भांड्यातील हिरव्या शेवाळाला किरणोत्सर्गी कर्बवायू द्यावयाचा, काही सेकंदांत ते शेवाळ गरम मद्यार्कात सोडून त्याचे कार्य जागच्या जागी थांबवावयाचे आणि त्यातील पदार्थ गाळणकागदावर वेगळे करून कर्ब कोठवर पोचला ते पाहावयाचे. दहा वर्षांच्या परिश्रमांनी कर्बाच्या प्रवासाचे संपूर्ण वर्तुळ उलगडले. १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यासाठी एकट्या कॅल्व्हिनला मिळाले. बेन्सनच्या वाट्यास ते आले नाही, याची हळहळ अनेकांनी पुढे व्यक्त केली. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही उन्हाळी पिके त्या वर्तुळात शिरण्यापूर्वी कर्बवायू साठवून घेण्याचा आणखी एक टप्पा पार करतात, हे १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी स्पष्ट केले. कडक उन्हात ऊस एवढा झपाट्याने वाढतो, त्याचे एक कारण यात आहे.

आज पानातील व्यवहार असा समजतो: हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते, हिरवा तुलनेने कमी शोषला जातो, म्हणून पान हिरवे दिसते. त्या शक्तीने पाणी फुटते, प्राणवायू बाहेर पडतो आणि उरलेल्या अंशाच्या बळावर कर्बवायूची साखर बनते. हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम चार भाग असलेल्या या वायूतून सारी अरण्ये आणि सारी शेते उभी राहतात. वाळल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग एकट्या कर्बाचा, आणि तो हवेतून आलेला असतो.

तर मग व्हॅन हेल्माँट चुकला काय? ओल्या झाडात पाण्याचा वाटा मोठा असतो, तेव्हा त्याचे उत्तर निम्मेशिम्मे खरेच होते. मात्र त्याने सोडून दिलेले ते दोन औंस नगण्य नव्हते. मुळे मातीतून जी थोडी खनिजे घेतात, त्यांत मॅग्नेशियम असते, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. तेवढी चिमूटभर माती नसती, तर वाळुंजाला हिरवे पान फुटले नसते, आणि बाकीचे १६४ पौंड हवेत व पाण्यातच राहिले असते.