मांसाहार, प्रथिने आणि रक्तशर्करा (दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात)

मटण, कोंबडी आणि मासे यांत पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ते नुसते खाल्ले, तर रक्तातली साखर भात-पोळीने चढते तशी चढत नाही. तरीही प्रथिनांचा साखरेशी संबंध आहेच. अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवू शकते, आणि प्रथिने पोटात गेली की इन्शुलिन व ग्लुकॅगॉन ही परस्परविरोधी संप्रेरके दोन्ही स्रवतात.

‘निम्म्याहून अधिक प्रथिनांची साखर होते’ हा समज विसाव्या शतकाच्या आरंभीचा. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रॅहम लस्क यांनी कुत्र्यांना फ्लोरिझिन हे सफरचंदाच्या झाडाच्या सालीतले द्रव्य दिले. त्याने मूत्रपिंडातून साखर सतत गळत राहते (आजच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचे मूळ तिथेच आहे). उपाशी कुत्र्यांच्या लघवीत दर ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ३.६५ ग्रॅम ग्लुकोज सापडले. प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के धरला, तर १०० ग्रॅम प्रथिनांमागे ५८ ग्रॅम साखर निघते. गणित बिनचूक होते. पण साखर गळणाऱ्या उपाशी कुत्र्याचा हिशेब जेवणाऱ्या माणसाला लावला गेला आणि पुढची कित्येक वर्षे आहारतक्त्यांत तो तसाच चालत राहिला.

खरे तर १९३६ मध्येच मिशिगनमधील जेरोम कॉन आणि एल. एच. न्यूबर्ग यांनी दाखवले होते, की मधुमेहींना गोमांसातून प्रथिने दिली तर त्या प्रमाणात अपेक्षित असलेली साखरवाढ दिसत नाही. मेरी गॅनन आणि फ्रँक नटॉल यांनी २००१ साली हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींना त्यांनी ५० ग्रॅम प्रथिने भरतील एवढे मांस दिले; पुढच्या ८ तासांत त्यामुळे रक्तात उतरलेले जादा ग्लुकोज अवघे २ ग्रॅमच्या आसपास होते.

मग बाकीचे गेले कुठे? अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरिया होऊन बाहेर पडतो. उरलेल्या भागातून यकृत ग्लुकोज बनवते, पण त्याच वेळी इतर मार्गांनी होणारी साखरेची निर्मिती आवरते आणि काही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. एकूण पुरवठा फारसा बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात स्वादुपिंड ग्लुकोजला थंड प्रतिसाद देते, तरी अमिनो आम्लांना बऱ्यापैकी देते. म्हणूनच ग्लुकोजसोबत प्रथिने दिल्यावर या रुग्णांत इन्शुलिन दोन्हींच्या बेरजेहूनही जास्त वाढलेले आढळले आहे. पहिल्या प्रकारात हा आधार नसतो. तिथे ग्लुकॅगॉनला अडवणारे कोणी नाही, आणि ७५ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने एकटीच खाल्ली तरी काही तासांनी साखर चढू शकते.

‘रविवारी मटण खाल्लं आणि सोमवारी फास्टिंग वाढलं’ ही तक्रार मात्र खोटी नसते. फक्त गुन्हेगार चुकीचा पकडला जातो. कोंबडी-वड्यांच्या ताटात वडे मुख्यतः तांदळाच्या पिठाचे आणि तळलेले, रश्शाबरोबर वर भात. साखर येते ती या पिठातून. तेल आणि खोबऱ्याचे वाटण जठर रिकामे व्हायला वेळ लावतात, त्यामुळे चढ जेवणानंतर दोन तासांनी केलेल्या तपासणीत (पीपी) न दिसता मागाहून येतो. रात्री उशिरा जेवले तर सकाळी. डाळींची गोष्ट वेगळी. तूरडाळीत प्रथिनांच्या साधारण अडीचपट पिष्टमय पदार्थ असतात, म्हणून वरणाला मांसाच्या रांगेत बसवता येत नाही, जरी तंतूंमुळे त्यातली साखर सावकाश उतरते.

जेवणाच्या क्रमानेही फरक पडतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ रुग्णांना आधी कोंबडी व भाज्या आणि १५ मिनिटांनी ब्रेड व संत्र्याचा रस दिला. उलट क्रमाच्या तुलनेत तासाभरानंतरची साखर ३७ टक्के कमी होती. प्रयोग लहान आहे, पण आधी दोन तुकडे आणि कोशिंबीर, मग भाकरी, एवढे करायला खर्च काहीच नाही.

जेवणानंतरची साखर आणि मधुमेह होण्याचा धोका हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २० देशांतील सुमारे १९.७ लाख लोकांच्या २०२४ च्या विश्लेषणात रोजच्या ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका १५ टक्के, तर १०० ग्रॅम लाल मांसामागे १० टक्के जास्त आढळला. ही निरीक्षणे आहेत, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे; पण सलामी, सॉसेज किंवा गोव्याचा चोरिस यांना ताज्या माशांच्या पंक्तीला बसवू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडले असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रमाण ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. ‘प्रोटीन वाढवा’ हा सल्ला अशा रुग्णाने परस्पर घेऊ नये. भात-पोळी एकदम कमी करणाऱ्याने ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा किंवा इन्शुलिनचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा, नाहीतर शुगर लो होते. तशी ती झालीच, तर अंडे किंवा पनीर कामाचे नाही. प्रथिने इन्शुलिन वाढवतात, साखर मात्र वर आणत नाहीत. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.