आलेखात नसलेला उंचवटा

रोगप्रतिकाराचा पाठ शिकवताना आपण देवीच्या लशीपासून सुरुवात करतो, जेन्नरनंतर पाश्चरकडे येतो आणि 'रक्तात प्रतिपिंडे तयार होतात' या वाक्यावर तास संपवतो. पण एखाद्याच्या रक्तात ती तयारच झाली नाहीत तर? असे घडू शकते हे वैद्यकाला कळले ते १९५२ साली.

त्या वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. चार वर्षांत या मुलाला १९ वेळा सेप्सिस झाला होता, म्हणजे जंतूंचा संसर्ग सर्व शरीरभर पसरला होता. त्यांतल्या १० वेळा रक्तात न्यूमोकोकस हे न्यूमोनियाचे जंतू सापडले. प्रत्येक वेळी प्रतिजैविकांनी मूल बरे होई आणि काही आठवड्यांनी पुन्हा रुग्णालयात येई.

इथे क्षणभर थांबायला हवे. पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णांना मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. त्यापूर्वी असे मूल पहिल्या किंवा दुसऱ्या आजारातच दगावत असे आणि मृत्यूचे कारण 'न्यूमोनिया' म्हणून नोंदले जाई. तोच आजार पुन्हा पुन्हा होतो हे दिसण्यासाठी मूल आधी जगायला हवे! नवे औषध आले म्हणून जुनाच रोग प्रथमच नजरेस पडला, असे आम्हांला वाटते.

ब्रूटन यांनी मुलाला न्यूमोकोकसची लस टोचून पाहिली. प्रतिपिंडे निर्माण झाली नाहीत. मग त्यांनी त्याचा रक्तद्रव इलेक्ट्रोफोरेसिसच्या उपकरणात तपासला. स्वीडनच्या आर्ने टिसेलिअस यांनी १९३७ साली सिद्ध केलेली ही पद्धत तत्त्वतः सोपी आहे. रक्तद्रवातून विद्युतप्रवाह सोडला की त्यातील प्रथिने कमीजास्त वेगाने सरकतात आणि आलेखावर उंचवटे उमटतात: पहिला मोठा अल्ब्युमिनचा, मग अल्फा, बीटा आणि गॅमा ग्लोब्युलिनचे. १९३९ मध्ये टिसेलिअस आणि एल्विन कॅबट यांनी लस टोचलेल्या सशाच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे काढून घेतली, तेव्हा गॅमाचा उंचवटा खाली बसला. प्रतिपिंडांचा पत्ता असा लागला होता. ब्रूटन यांच्या रुग्णाच्या आलेखात बाकीचे उंचवटे जागच्या जागी होते, गॅमाचा मात्र नव्हताच.

आणि या रोगावरचा उपाय रोग सापडण्यापूर्वीच कपाटात तयार होता. युद्धकाळात हार्वर्डचे एडविन कोन जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवातून अल्ब्युमिन वेगळे करत होते. थंड अल्कोहोल वापरण्याच्या त्यांच्या पद्धतीत गॅमा ग्लोब्युलिनचाही वेगळा अंश हाती येई. गोवरापासून संरक्षणासाठी तो टोचतही असत. ब्रूटन यांनी तेच द्रव्य मुलाच्या त्वचेखाली दर महिन्याला टोचले, एका वेळी ३.२ ग्रॅम. सेप्सिस थांबला. हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा वर्षाहून अधिक काळ मूल त्यापासून मुक्त होते.

याला रोग बरा झाला असे म्हणता येत नाही. टोचलेल्या प्रतिपिंडांपैकी निम्मी सुमारे तीन आठवड्यांत नाहीशी होतात, म्हणून उपचार आयुष्यभराचा. निसर्गही हेच एकदा करतो. गर्भावस्थेत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. त्यामुळे ही मुले पहिले काही महिने चांगली असतात आणि ती शिदोरी संपली की कान फुटणे, न्यूमोनिया, मेंदूज्वर सुरू होतात.

लवकरच बोस्टनमधून चार्ल्स जेनवे आणि सहकाऱ्यांनी आणखी रुग्णांची नोंद केली. सगळे मुलगेच. दोष 'एक्स' गुणसूत्रावर असावा असे त्यावरून सुचले. दुसरे कोडे अधिक अवघड होते: जिवाणूंपुढे हतबल होणारी ही मुले गोवरासारख्या आजारातून इतरांसारखीच बरी होत. मग प्रतिकाराची दुसरी एखादी फळी असली पाहिजे. तिचा धागा मिळाला कोंबड्यांमध्ये. पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळ एक लहान पिशवी असते, तिला 'बर्सा' म्हणतात. ती काढलेल्या कोंबड्या प्रतिपिंडे तयार करू शकत नाहीत, हे ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात मांडले. वैद्यकातली मंडळी ते कशाला वाचतील! १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांच्या गटाने प्रतिकाराच्या दोन फळ्या वेगळ्या दाखवल्या. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या नावातले 'बी' हे अक्षर त्या बर्सावरूनच आले. माणसात बर्सा नसतो. हे काम अस्थिमज्जेत चालते. तिथे बी पेशींच्या वाढीला लागणारे एक प्रथिन या मुलांमध्ये सदोष असते. त्याचे जनुक १९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. त्या प्रथिनाला ब्रूटन यांचे नाव मिळाले.

शाळेत वारंवार सर्दी होणारी बहुतेक मुले पूर्णपणे निरोगी असतात. मात्र एकाच मुलाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, किंवा घरात एखादा मुलगा अशाच आजाराने लहानपणी गेला असेल, तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवावे. निदान वेळेवर होणे लशींच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस जिवंत विषाणूंची असते. हे विषाणू अशा मुलाच्या आतड्यात महिनोन्‌महिने टिकून राहू शकतात, क्वचित पक्षाघातही करतात, म्हणून त्याला ती देत नाहीत. मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे अशा जन्मजात दोषांचे निदान आणि संशोधन होते.

उपचार आजही मुळात ब्रूटन यांचाच आहे. १९८०च्या सुमारास शिरेतून देण्याजोगी द्रव्ये आली. आता त्वचेखालून, घरच्या घरीही ती देता येतात. गॅमा ग्लोब्युलिन अजूनही माणसाच्या रक्तद्रवातूनच काढावे लागते. एकेका घाणीसाठी हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करतात, आणि म्हणून ते महाग असते.