पंखा कोणी फिरवायचा?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषयांना जागा असते. तरीही कामगार संघटनेत उमेद खर्ची घातलेल्या आमच्यासारख्या माणसाने मोटारीच्या पंख्यावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही झाले ते भंडाऱ्याजवळच्या महामार्गावरील एका गॅरेजात पाने पुसता पुसता, आणि पुढे वाचनालयाच्या बाकावर. गॅरेजात मिळालेल्या ज्ञानाचा संघटनेत एकदा मोठा उपयोग झाला. ती हकीकत सांगायची तर आधी पंख्याचा इतिहास सांगितला पाहिजे. शिवाय ज्या गावात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे थंडावा हा विषय कोणाला परका वाटण्याचे कारण नाही.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्यातील उष्णतेचा ढोबळमानाने चौथा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराबरोबर जाते आणि काही इंजिनाच्या अंगात मुरते. ती काढून घेतली नाही, तर तेल पातळ होते, दट्ट्या जाम होतो आणि इंजिन बसते. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवितात. परंतु तापलेले पाणी पुन्हा थंड कसे करावयाचे, हा प्रश्न मोटारीच्या जन्माइतकाच जुना आहे.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. तिच्यातील पाणी चक्क वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, या गाडीतून गेल्या. वाटेत जेथे पाणी दिसेल तेथे त्यांना गाडी थांबवून पाणी भरावे लागले. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच माणसाच्या हाती पाण्याचे भांडे आले, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते भांडे आमच्या ड्रायव्हरांच्या हातून सुटले नाही.

खरा उपाय विल्हेल्म मायबाख या तंत्रज्ञाने काढला. लहानपणी पोरका झालेला आणि अनाथाश्रमात वाढलेला हा मुलगा. १९००-०१ साली मर्सिडीज गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. हवेला पाण्याच्या इतक्या जवळून जाता आले, की पूर्वीच्या निम्म्याच पाण्यावर, सुमारे ९ लिटरांवर, काम भागू लागले. गाडी हळू चालली म्हणजे समोरून वारा लागत नाही, म्हणून त्याने रेडिएटरच्या मागे एक पंखाही बसविला. हाच आपल्या कथेचा नायक.

हा पंखा फिरवायचा कोणी? उत्तर उघड होते: इंजिन फिरतेच आहे, त्यालाच पट्ट्याने जोडून द्यावा. ही सोय स्वस्त होती, साधी होती, आणि म्हणूनच ती जगभर रूढ झाली. परंतु तिच्यात एक मूळचा दोष होता. पंखा इंजिनाच्या गतीला बांधला गेला, इंजिनाच्या तापाला नव्हे. गाडी रस्त्यावर भरधाव असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज नसते. पण इंजिन जोरात म्हणून पंखाही जोरात फिरतो. पंख्याची गती दुप्पट झाली की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. एवढी शक्ती त्या वेळी फुकट जाते. उलट गाडी रेल्वेच्या फाटकापाशी उभी राहिली, की वारा बंद, इंजिन मंद आणि पंखाही मंद. ज्या घडीला त्याची खरी गरज, त्याच घडीला तो सुस्त!

आपल्या देशातील दोन प्रसिद्ध गाड्या हाच दोष घेऊन आल्या. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी. ती १९५७ च्या सुमारास बंगालमधील उत्तरपाडा येथे बनू लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. दुसरी, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. या गाड्यांचे मूळ आराखडे युरोपच्या हवेत आखलेले. त्यांना भंडारा ते पवनी हा मे महिन्यातला रस्ता कोणी दाखविला नव्हता.

तो रस्ता आमच्या ड्रायव्हरांनी पाहिला. डिकीत पाण्याचा डबा, हाताशी ओले फडके आणि डोळा तापमानाच्या काट्यावर, अशी त्यांची गाडी चाले. रेडिएटरचे झाकण घाईने उघडल्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेले हात आम्ही कितीतरी पाहिले. जुने रेडिएटर तांब्यापितळेचे असत, आणि भंडारा तर पितळेच्या भांड्यांचे गाव. गुंडाला डाख देणाऱ्या हातांनीच रेडिएटरची गळती बंद केलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. या ज्ञानाची नोंद कोणत्या ग्रंथात नाही, पण गाड्या चालत राहिल्या त्या त्याच्याच बळावर.

विजेचा पंखा सर्वत्र आला तो मात्र गाडीची रचना बदलल्यामुळे. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरविण्याची रीत आली. १९५९ च्या इंग्रजी मिनी गाडीत इंजिन आडवे असल्यामुळे रेडिएटर बाजूला ढकलावा लागला होता. फियाटने १९६९ साली १२८ ही गाडी काढली, तेव्हा रेडिएटर पुढेच ठेवला आणि त्याला वेगळ्या मोटरीवर चालणारा पंखा दिला. पाणी ठराविक अंशापर्यंत तापले की तो आपोआप सुरू होई, निवले की बंद पडे. इतक्या वर्षांनी पंखा गतीऐवजी तापाचे ऐकू लागला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि विजेचा पंखा आमच्या गॅरेजापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. अपघातात मोडलेल्या मारुतीचा पंखा काढून तो जुन्या अ‍ॅम्बॅसडरला लावावा, ही कल्पना मग कोणत्याही हुशार मिस्त्रीला सुचावी अशीच होती.

आता आमची हकीकत. १९९५ च्या सुमारास आम्ही संघटनेत नवखे होतो. एका मालकाची जुनी अ‍ॅम्बॅसडर लग्नसराईत वरातीला जाई. वरातीइतकी इंजिनाची कठोर परीक्षा दुसरी नाही. पुढे बँड, मागे माणसे, आणि मध्ये पावलापावलाने सरकणारी गाडी. दोनदा नवरदेवासमोरच बोनेटमधून वाफ निघाली, तेव्हा मालकाने एका मिस्त्रीकडून विजेचा पंखा बसवून घेतला. मिस्त्रीने जुना लोखंडी पंखा काढून टाकला, पट्टा पाण्याच्या पंपासाठी आणि डायनॅमोसाठी तसाच ठेवला, आणि नवा पंखा सरळ बॅटरीला जोडून त्याला एक बटण दिले. पुढच्या वरातीत इंजिन दोन तास तापले नाही. सर्व खूष. परंतु देवळापाशी गाडी क्षणभर बंद केली, ती पुन्हा सुरू होईना. बॅटरी पार उतरली होती. वऱ्हाड्यांनी गाडी ढकलली; ढकलणाऱ्यांत नवरदेवाचा बापही होता! मालकाचा अपमान झाला, आणि त्याने ड्रायव्हरचा आठ दिवसांचा पगार कापला. ड्रायव्हर आमच्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, पंखा मालकानं लावला, अन् दंड मले काहून?"

त्या रात्री आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. पंख्याची मोटर १२० वॉटची. १२ व्होल्टवर ती १० अँपिअर वीज खाते. पुढचे दोन मोठे दिवे ९० वॉटचे, म्हणजे साडेसात अँपिअर. ठिणगीच्या कॉइलला तीन-चार. मागचे दिवे आणि वरातीची रोषणाई निराळी. एकूण खर्च बावीस अँपिअरच्या वर गेला. आणि जमा? त्या काळच्या इंग्रजी वळणाचा डायनॅमो पूर्ण वेगात असताना जेमतेम २२ अँपिअर देतो, आणि इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे दोन तास सगळा भार एकट्या बॅटरीने उचलला होता. ड्रायव्हरने पंख्याचे बटण बंद केले असते तर इंजिन जळाले असते. चालू ठेवले म्हणून बॅटरी मेली. दोन्हीकडून दोष त्याच्याच माथी!

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही मालकाकडे गेलो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे, नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाल्याखेरीज आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज पगारातून भरपाई कापता येत नव्हती. पण खरे सांगायचे तर कायद्यापेक्षा त्या बेरजेनेच काम केले. मालक व्यापारी माणूस होता. जमेपेक्षा खर्च जास्त झाला तर दिवाळे निघते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पगार परत मिळाला. महिन्याभरात गाडीला अल्टरनेटरही बसला.

येथे इतिहासाचे एक पान राहिले आहे ते सांगितले पाहिजे. अल्टरनेटर इंजिन मंद असतानाही बऱ्यापैकी वीज देतो. सिलिकॉनचे स्वस्त डायोड निघाल्यावर तो मोटारीत बसविणे परवडू लागले, आणि अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत तो मूळचाच दिला. विजेचा पंखा घरोघरच्या गाडीत आला तो अल्टरनेटरच्या खांद्यावर बसून. आमच्या मिस्त्रीने वरचा स्वार आणला होता, पण घोडा जुनाच ठेवला होता.

ज्यांच्या घरी आजही जुनी गाडी आहे आणि जे हा बदल करू पाहतात, त्यांना दोन शब्द. प्रथम रेडिएटर स्वच्छ करावा, त्याच्या नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत ते पाहावे; पुष्कळदा आजार तेथेच असतो आणि पंखा बदलण्याची गरजच उरत नाही. बदल करायचाच, तर आधी अल्टरनेटर, मग पंखा. पंख्याला जाड तार, फ्यूज आणि रिले द्यावा; बटणावर विसंबू नये, पाण्याच्या तापावर चालणारा स्विच बसवावा. जुन्या इंग्रजी वळणाच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तारा उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसतो. काढलेला जुना पंखा मात्र भंगारात घालू नये. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे. तिची मूळ ओळख परत देता यावी, एवढी काळजी मालकाने घ्यावी.

आणि विजेचा पंखा फुकट फिरतो, असेही कोणी समजू नये. ती वीजही शेवटी इंजिनच पट्ट्याने तयार करते, आणि वाटेत बराच भाग वाया जातो. फायदा होतो तो एवढ्याचसाठी की गरज नसताना हा पंखा विश्रांती घेतो. कामाचा वेळ गरजेप्रमाणे असावा आणि उरलेल्या वेळी विश्रांती मिळावी, हे तत्त्व यंत्राला मान्य होण्यास सुमारे ७० वर्षे लागली. मोटार कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घालणारा कायदा १९६१ साली झाला, आणि तो कागदावरून रस्त्यावर उतरविण्यात आमच्या संघटनेची उमर गेली.

त्या बेरजेचा कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे. घामाचे आणि तेलाचे डाग त्यावर सारखेच पडले आहेत. कोणी नवी सुधारणा घेऊन आला, की आम्ही तिला विरोध करीत नाही. पण भार आता कोणावर पडणार, एवढे मात्र त्याच कागदाच्या पाठीवर लिहून मागतो. श्रोत्यांनीही मागावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.