पिच्छा आणि पाठपुरावा

‘पिच्छा पुरवणे’ आणि ‘पाठपुरावा करणे’ हे मराठीतले सख्खे भाऊ आहेत. पिच्छा म्हणजे मागची बाजू, पाठ म्हणजेही तीच, आणि पुरवणं दोघांकडे सामाईक. तरी एकाच्या वाट्याला शिव्या आल्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला वर्तमानपत्रातलं कौतुक: ‘आमदारांच्या पाठपुराव्याला यश’. फरक मागे लागण्याच्या चिकाटीत नाही. ज्याच्या मागे लागायचं त्यानं आधी कधीतरी ‘या’ म्हटलं होतं की नाही, एवढाच आहे. अर्ज घेतलेल्या कचेरीचा पाठपुरावा होतो, अनोळखी माणसाचा पिच्छा. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याची जात विसाव्या शतकात पहिल्या क्रियापदातून दुसऱ्यात गेली. हे स्थलांतर अमेरिकेत झालं आणि त्यात एका रेल्वेगावच्या दिवसाढवळ्याच्या झोपेचा हात होता, असं माझं मत आहे.

घरगुती विक्री-पार्टी वरून साधी दिसते. एका बाईच्या दिवाणखान्यात मैत्रिणी जमतात, विक्रेती डबे, ब्रश किंवा क्रीम दाखवते, कॅटलॉग हातोहात फिरतो, ऑर्डरी लिहिल्या जातात. पण विक्रेतीचं खरं काम आधी आणि नंतर असतं. यजमानीणबाईंबरोबर बसून पाहुण्यांची यादी करायची, ती मुद्दाम लांब करायची, कारण बोलावलेल्या सगळ्या येत नाहीत. आमंत्रणं गेली का विचारायचं, आदल्या दिवशी आठवण द्यायची. पार्टी झाली की पुन्हा फोन: उशिरा आलेल्या जावेची ऑर्डर राहिली का, पैसे जमले का, माल पोचला का. माल बहुधा एकगठ्ठा यजमानीणबाईंच्याच घरी येतो. मग त्या जमिनीवर खोकं उघडून, यादीवर खुणा करत, नावानिशी पिशव्या लावत बसतात. मोबदला म्हणून त्यांना भेटवस्तू मिळते. ती किती मोठी, हे विक्रीवर ठरतं आणि पाहुण्यांपैकी किती जणींनी आपल्या घरी पार्टी ठेवायचं कबूल केलं यावरही. ‘बघू, पुढच्या महिन्यात’ म्हणालेल्या मैत्रिणीची चौकशी म्हणूनच सगळ्यात अगत्याची. प्रश्न असा की, स्वतः दार वाजवू शकणाऱ्या माणसानं मध्ये ही तिसरी व्यक्ती का बसवून घेतली आणि वर तिची एवढी मनधरणी का पत्करली?

रूढ उत्तर वंशावळीच्या रूपात मिळतं. आल्फ्रेड फुलर यांची ब्रशकंपनी १९०६ची. तिथले विक्रीप्रमुख फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज यांनी १९३१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डला स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स काढली. तिथे पार्टीची पद्धत रुजली, तिथून ब्राउनी वाइज यांनी ती टपरवेअरमध्ये नेली, १९५१मध्ये अर्ल टपर यांनी दुकानांतून डबे काढून घेतले. पुढे सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढणाऱ्या मेरी के ॲश याही आधी स्टॅन्लीच्याच विक्रेत्या. पार्टी का सुरू झाली, तर म्हणे एकेका दारात एकेकीला दाखवण्यापेक्षा दहा जणींना एकदम दाखवलं तर पायपीट वाचते. हे खरंच आहे. पण त्यातून श्रोते सिद्ध होतात, यजमानीण होत नाही. दहा जणींना एकदम गाठायला चर्चचं सभागृह किंवा महिला मंडळाची बैठक चालली असती. पायपीट वाचवणाऱ्या माणसानं एका बाईचं घर, तिचा शब्द आणि तिचा रुसवाफुगवा गळ्यात घेण्याचं कारण वेगळं असलं पाहिजे.

ते मला सापडतं वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर या गावात. गाव युनियन पॅसिफिक रेल्वेवर जगणारं. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपायची आणि विक्रेते नेमके दिवसा कड्या वाजवायचे. १९३१मध्येच गावानं ठराव केला: घरमालकानं किंवा राहणाऱ्यानं विनंती केलेली नसताना, बोलावलेलं नसताना विक्रीसाठी कोणी खाजगी घरी गेला तर तो सार्वजनिक उपद्रव आणि गुन्हा. फुलर ब्रश कंपनी कोर्टात गेली, खाली जिंकली, पण १९३३मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयात हरली. पुढे असे ठराव गावोगाव झाले आणि त्या साऱ्यांना ‘ग्रीन रिव्हर ठराव’ हेच नाव पडलं. १९५१मध्ये लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया शहराचा असाच ठराव सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला. टपर यांनी दुकानं सोडून दिवाणखाना धरला तेही हेच वर्ष. या योगायोगाला मी पुरावा म्हणत नाही. पण ठरावाची भाषा बघा. विक्रीला बंदी नाही, घरात जायला बंदी नाही. बंदी आहे ती न बोलावता जाण्याला. म्हणजे एका शब्दाची पळवाट ठरावातच ठेवली होती, आणि त्या पळवाटेला हातपाय फुटले की जी व्यक्ती तयार होते ती यजमानीण. तिच्या मागे लागणं हा पिच्छा होऊच शकत नाही; तिनं तर बोलावलेलं असतं!

यावर पहिला आक्षेप तारखांचा. ठराव आणि स्टॅन्ली कंपनी दोन्ही १९३१ची, तेव्हा एकातून दुसरं कसं निघेल? कंपनी ठरावातून निघाली असं मी म्हणतच नाही. ती निघाली दारोदार विक्रीसाठीच, फुलरच्या वळणावर. पार्टी मागाहून आली. दारं मिटत चालली होती तो हाच काळ. दुसरा आक्षेप वजनदार आहे. विसाच्या दशकातच वेअर-एव्हर ॲल्युमिनियमचे विक्रेते एखाद्या गृहिणीच्या घरी शेजाऱ्यांना बोलावून, आपल्याच पातेल्यांत जेवण रांधून वाढत होते. म्हणजे ग्रीन रिव्हरच्या आधी घर होतं, यजमानीण होती, पाहुणेही होते. हा मुद्दा टाळता येत नाही, आणि यजमानीण ठरावानं जन्माला घातली असा दावा केला तर तो इथेच कोसळतो. मी त्याहून थोडं कमी म्हणतो. पातेलंवाल्यांना ती सोयीची होती, ब्रशवाल्यांना ती सक्तीची झाली. सोयीच्या माणसाला आपण आभार मानून सोडतो, सक्तीच्या माणसाला जपावं लागतं. बोलावणं तर त्या संध्याकाळीच संपतं. उद्यासाठी दुसऱ्या घरचं बोलावणं आज इथेच हाती लागायला हवं, म्हणून पाहुणीतून पुढची यजमानीण घडवायची आणि भेटवस्तूचा हिशेब त्यावर बांधायचा. फुलरचा माणूस दार उघडणाऱ्या बाईच्या हाती छोटा ब्रश फुकट ठेवायचा. तीच भेट आता उंबरठा ओलांडून आत आली आणि दार उघडण्याऐवजी पुढची दारं उघडून देण्याबद्दल मिळू लागली.

भेटवस्तू आणि आठवणीची पत्रं या बाजूनं पाहिलं तर मात्र माझ्या सिद्धान्ताला बफेलो शहरात तगडा प्रतिस्पर्धी भेटतो. जॉन लार्किन यांनी १८७५मध्ये तिथे साबणाचा कारखाना काढला, आणि पुढे त्या कंपनीनं ‘दहा जणींचा क्लब’ ही युक्ती चालवली. दहा बायकांनी दरमहा एकेक डॉलर काढायचा, दहा डॉलरचा माल मागवायचा, आणि त्याबरोबर येणारी खुर्ची, दिवा किंवा टेबल दर महिन्याला एकीला मिळायचं. ही आपली भिशीच झाली, फक्त पैशाच्या जागी साबण आणि लाकूडसामान! क्लबची एक चिटणीस असे. पैसे गोळा करणं, ऑर्डर पाठवणं, मैत्रिणींना टोकणं तिच्याकडे. कंपनी बोलायची ती पत्रांतून. फ्रँक लॉइड राइट यांनी लार्किनसाठी बांधलेली प्रसिद्ध इमारत १९०६मध्ये पुरी झाली (१९५०मध्ये ती पाडली). वास्तुकलेचे विद्यार्थी तिच्या मधल्या उंच, वरून उजेड घेणाऱ्या दालनाचं वर्णन पाठ करतात. पण ती इमारत मुळात होती कशासाठी, तर रोज येणारी हजारो पत्रं उघडायला, नोंदवायला आणि त्यांना उत्तरं द्यायला. पाठपुराव्याचं एवढं देखणं देऊळ दुसरीकडे कुठे झालं नसेल. मग यजमानीणबाई या लार्किनच्या चिटणिसाची लेक का नव्हेत? अर्ध्या आहेत, हे मान्य. कॅटलॉग, गोळा केलेली ऑर्डर, एकगठ्ठा आलेलं खोकं, संघटनेबद्दलची भेट, हे सगळं माहेरचं. पण लार्किनच्या क्लबात विक्रेता घरी येतच नव्हता, त्यामुळे कोणी कोणाला बोलवायचा प्रश्न नव्हता. बोलावणं हे ग्रीन रिव्हरचं देणं. आणि गंमत अशी की कॅटलॉग-पार्टीचा पुढचा अवतार, ज्यात यजमानीणबाईच कॅटलॉग ऑफिसात नेतात, डबा खाताना फिरवतात आणि विक्रेती कोणाच्या घरी पाऊलही टाकत नाही, तो पुन्हा लार्किनच्या वळणावर जातो. तिथे प्रात्यक्षिक गळालेलं असतं आणि उरतो तो निव्वळ पाठपुरावा.

‘यजमान’ हा आपला शब्द इथे इंग्रजी शब्दापेक्षा नेमका बसतो, हे जाता जाता सांगितलं पाहिजे. ‘यज्’ धातूचं ते आत्मनेपदी रूप, म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करणारा. विधी करतो ऋत्विज, मंत्र त्याचे, हातही त्याचा. पण घर, खर्च आणि फळ यजमानाचं, आणि ऋत्विजाला दक्षिणा. विक्री-पार्टीत मांडणी हीच आहे, फक्त दक्षिणेची दिशा उलटली: विधी करणारी विक्रेती यजमानिणीला दक्षिणा देते आणि फळ घेऊन जाते. टपरवेअर १९९६मध्ये भारतात आली, तेव्हा भिशी आणि किटी पार्टीच्या रूपानं जमलेल्या बायका इथे तयारच होत्या. हळदीकुंकवाला मात्र हा उलटा प्रवाह जमण्यासारखा नव्हता. तिथे यजमानीण वाण लुटते, घेत नाही. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा घरोघर पोचला, पण तो तिनं पदरचे पैसे घालून घाऊकात आणलेला. पाहुण्यांच्या खरेदीवर स्वतःला भेट मिळवणं हे त्या रिवाजात बसवायचं तर वाणाचा अर्थच बदलावा लागला असता. भिशीत तो संकोच नाही. तिथे पाळी असते, आणि पाळीनं येणारी गोष्ट घ्यायला कोणी लाजत नाही. लार्किनच्या क्लबला जे सुचलं त्याची जमीन भिशीनं इथे आधीच नांगरलेली होती.

कायद्याच्या लेखी बोलावण्याचं वजन पुढे कमी झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७२मध्ये दारोदार विक्रीसाठी तीन दिवसांत करार मोडण्याची मुभा देणारा नियम केला, तेव्हा ग्राहकानं स्वतः बोलावलेलं असलं तरी ती विक्री दारोदारचीच धरावी असं त्यात स्पष्ट घातलं. पळवाटेच्या तोंडावर दगड बसला. आणि आपल्याकडे २०२१च्या डिसेंबरात आलेल्या थेट विक्रीच्या नियमांत ग्रीन रिव्हरचा आवाज पुन्हा ऐकू येतो: ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय विक्रेत्यानं ग्राहकाच्या जागेत जाऊ नये. रात्रपाळीवाल्यांची झोप नव्वद वर्षांनी दिल्लीच्या राजपत्रात उतरली म्हणायला हरकत नाही. फक्त हा नियम जागेचा विचार करतो. सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेल्या, चिवड्याची बशी हातात धरून झाकण घट्ट बसतं का ते बघणाऱ्या बायका दुसरीच्या घरी आलेल्या असतात. आपल्याला कोणी काही विकावं असं त्यांच्यापैकी एकीनंही म्हटलेलं नसतं. त्यांच्या वतीनं ‘या’ म्हणून झालेलं असतं ते आत चहा टाकायला गेलेल्या बाईचं.