दगडाची जात आणि दगडाचे गाव

हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, शक आणि स्थळ सांगणारी पुष्पिका असली, तर आमचे निम्मे काम होते. खनिजाच्या नमुन्याजवळ अशी पुष्पिका नसते. असते ती संग्राहकाने लिहिलेली चिठ्ठी.

तांब्याच्या फॉस्फेटांचेच पाहू. हाउसमान यांनी १८१३ साली नाव दिलेले हिरवे स्यूडोमॅलाकाइट म्हणजे नावाप्रमाणेच मॅलाकाइटाचा तोतया. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की मॅलाकाइट फसफसते, कारण ते कार्बोनेट. तोतया निमूटपणे विरघळतो. लिबेथेनाइट आणि त्याच्यासारखेच दिसणारे, पण आर्सेनेट असलेले ऑलिव्हेनाइट यांचा निवाडा रासायनिक पृथक्करणाने होतो. जात अशी कळते.

गावाचे काय? ब्राइटहाउप्ट यांनी १८२३ साली लिबेथेनाइट हे नाव ठेवले ते लिबेथेन या खाणगावावरून. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात गेले. १९९३ पासून ते स्लोव्हाकियातले ल्युबिएतोवा आहे. खाण जागची हललेली नाही. इतिहास ठाऊक असला, की जुनी चिठ्ठी वाचता येते.

खोट्या चिठ्ठीला मात्र इलाज नाही. १९६८ साली वारलेले ब्रिटिश संग्राहक आर्थर किंग्जबरी यांच्या, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील संग्रहाची फेरतपासणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. अनेक नमुन्यांची स्थळे बनावट निघाली. दगड खरे, गाव खोटे. आणि त्यामुळे त्यांच्या खऱ्या नोंदींवरही संशयाची सावली पडली.

प्रक्षेप शोधणाऱ्या आम्हा भाषाशिक्षकांना हे दुःख अपरिचित नाही. जात परीक्षेने कळते. गाव कळायला कुणीतरी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले असावे लागते.